निम्मू कॅम्प: गाड्यांच्या हिवाळ्याच्या नोंदी

२१ सप्टेंबर

आज कॅम्पवरच्या सगळ्या गाड्या एका ओळीत लावून बघितल्या. टिपर, पाण्याचे दोन टँकर, डिझेलचा बाउझर, माणसांची ने-आण करणारे कॅम्पर, साहेब लोकांच्या गाड्या, जेसीबी. निम्मू म्हणजे सिंधू आणि झंस्कारचा संगम, लेहच्या पश्चिमेला पस्तीसेक किलोमीटर. दुपारी शर्टावर फिरता येतं, पण संगमावरचा वारा संध्याकाळी आतापासूनच टोचतो. नोव्हेंबरनंतर डांबर-काँक्रीटची कामं थांबतील. गाड्यांना मात्र सुट्टी नाही. लेहहून रेशन, गॅस, औषधं आणायची आहेत, कुणी आजारी पडलं तर रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवायचं आहे, बर्फ पडला की फाटा मोकळा करायचा आहे.

ड्रायव्हरांत निम्मे लडाखी आणि हिमाचली, बाकीचे आपल्याकडचे: सातारा, सांगली, बीड. आपली मंडळी गाडी उत्तम चालवतात, पण त्यांच्या हाताला सवय आहे ती उन्हाळ्याची. इंजिन तापेल ही त्यांची भीती, गोठेल ही नव्हे. म्हणून जोड्या लावल्या. प्रत्येक नव्या माणसाबरोबर इथे हिवाळे काढलेला एक. सगळ्यांत जुने ड्रायव्हर, ज्यांना लडाखी पोरं आदराने आजांग-ले म्हणतात आणि आता आमचीही म्हणायला लागली आहेत, त्यांच्याकडे संध्याकाळच्या तपासणीचं काम सोपवलं. मेकॅनिक दोनच आहेत, गाड्या वीसच्या वर. हिवाळा निभावला तर तो ड्रायव्हरांच्या हातून निभावेल, हे आजच सगळ्यांसमोर बोललो.

२६ सप्टेंबर

रेडिएटर. लेहहून रिफ्रॅक्टोमीटर मागवला होता, तो आला. कूलंटचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, कितव्या अंशाला गोठेल ते सरळ पट्टीवर दिसतं. बहुतेक कॅम्पर ठीक निघाले. उन्हाळ्यात खालून आलेल्या दोन टिपरचं वाचन उणे ९ आलं. वाटेत पाणी कमी झालं की बाटलीतलं पाणी ओतायचं, ही मैदानातली सवय. कूलंटचा रंग हिरवाच राहतो, त्यामुळे नजरेला काही कळत नाही.

दोन्ही गाड्यांचं सगळं पाणी काढलं, ब्लॉकचा ड्रेन प्लगही खोलला (नुसता रेडिएटरचा नळ सोडला तर ब्लॉकमधलं जुनं पाणी आतच राहतं), आणि ग्लायकॉल व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हे मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. बीडच्या एका ड्रायव्हरने विचारलं, "मग साहेब, पाणी टाकायचंच कशाला, निव्वळ ग्लायकॉलच भरू." प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे: निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. पाण्यात मिसळल्यावरच दोघं एकमेकांना गोठू देत नाहीत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि तेवढ्या ताकदीपुढे बिडाचा ब्लॉकही टिकत नाही.

झाकणंही तपासली. साडेतीन हजार मीटरवर उघडं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरत नसेल तर बाहेर थंडी असूनही चढावर कूलंट उडतं. तीन झाकणं बदलली.

५ ऑक्टोबर

ऑइल बदलायला घेतलं. १५डब्ल्यू-४० काढून कंपनीच्या पुस्तकात जिथे चालतं म्हटलंय तिथे ५डब्ल्यू-४०. पंधरावालं ऑइल उणे २० ला इंजिन फिरू देईल एवढीच हमी असते, पाचवालं उणे ३० पर्यंत. पहाटे सेल्फ मारल्यावर जो जड, ओढल्यासारखा आवाज येतो तो निम्मा या ऑइलचा असतो.

१२ ऑक्टोबर

डिझेल. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत.

डिझेल पाण्यासारखं एका क्षणी गोठत नाही. त्यात मेण असतं. थंडी वाढली की ते मेण आधी बारीक कणांत सुटतं, डिझेल धुरकट दिसायला लागतं. मग कण एकमेकांना चिकटून फिल्टरच्या कागदावर थर धरतात. टाकीतलं डिझेल हलवलं तर डुचमळत असतं, आणि तरी गाडी बंद पडते, कारण फिल्टरमधून काही जात नाही. त्याहून थंडी वाढली तर ते ओतताही येत नाही.

आपल्या देशाच्या मानकात साध्या डिझेलचे दोन हंगाम आहेत. उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं तरी चालतं, हिवाळी ६ अंशांपर्यंत. म्हणजे पुण्यात हिवाळ्यात भरलेलं डिझेलसुद्धा इथल्या हिवाळ्यासाठी नाही. लडाखसाठी वेगळं डिझेल लागतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये ते इथे आणलं, पानिपतच्या रिफायनरीतलं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं. त्याआधीच्या हिवाळ्यांबद्दल आजांग-ले सांगतात ते ऐकलं की या एका गोष्टीची किंमत कळते. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की वाहतं राहणं आणि फिल्टरमधून जाणं यांत काही अंशांचं अंतर असतं. उणे ३३ लिहिलंय म्हणून उणे ३२ ला निर्धास्त राहायचं नाही.

ठरवलं ते असं. बाउझरमधलं सध्याचं साधं डिझेल जनरेटर आणि जेसीबीत महिनाअखेरपर्यंत संपवायचं. बाउझर तळापर्यंत रिकामा करून, तळाचं पाणी काढूनच त्यात हिवाळी डिझेल घ्यायचं. साध्यावर हिवाळी ओतलं की हिवाळीचा गुण पातळ होतो. ड्रमवर रंगाने पट्टा: निळा म्हणजे हिवाळी. खालून येणाऱ्या कुठल्याही गाडीने टाकीत किती आणि कुठलं डिझेल आहे ते गेटवर सांगायचं.

टाकी संध्याकाळी भरायची, सकाळी नाही. अर्धी रिकामी टाकी रात्रभर आतल्या ओलसर हवेचं पाणी करते, ते पाणी सेपरेटरमध्ये (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात) उतरून गोठतं.

२४ ऑक्टोबर

बॅटऱ्या. प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता, चार्ज उतरला की तीही उतरते) घेतली. १.२६५ च्या वर असलेली बॅटरी इथल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही. १.१५० वर आलेली उणे १५ ला गोठते, १.१०० वाली उणे ८ लाच. म्हणजे ज्या बॅटरीला आधीच दम नाही तीच आधी फुटते. चार बॅटऱ्या बाद केल्या. त्यांतल्या दोघी उन्हाळाभर रोज सकाळी गाडी सुरू करत होत्या, म्हणून ड्रायव्हरला पटेना. पण उणे १८ ला चांगल्या बॅटरीचीही ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन दुप्पट जड झालेलं असतं.

कॅम्परच्या बॅटऱ्या रात्री खोलून आत आणायची इथली पद्धत चांगली आहे, ती ठेवली. एकच अट: चार्जर बुखारीच्या (खोली तापवणाऱ्या शेगडीच्या) खोलीत लावायचा नाही. चार्जिंगला लागलेली बॅटरी हायड्रोजन सोडते. चार्जिंगसाठी स्टोअरमागची खोली दिली. बॅटरी गोठलेली वाटली, पोट फुगलेलं दिसलं, तर तिला जंप द्यायचा नाही. आधी आत आणून विरघळू द्यायची.

३ नोव्हेंबर

टिपर बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांचे) आहेत, त्यात धूर स्वच्छ करायला डीईएफ नावाचं द्रव लागतं. ड्रायव्हर त्याला युरिया म्हणतात, आणि त्यात ३२.५ टक्के युरियाच असतो, बाकी शुद्ध पाणी. उणे ११ ला ते गोठतं. गोठलं तरी घाबरायचं कारण नाही. गाडी सुरू होते, इंजिन तापलं की कूलंटची नळी टाकीतून फिरून ते विरघळवते. त्यात गरम पाणी, मीठ, रॉकेल, काहीही टाकायचं नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, गोठताना ते सुमारे ७ टक्के फुगतं.

खरी गडबड वेगळीच आहे. आपल्या ड्रायव्हरांना चावी बंद केली की लगेच बॅटरीचा कट-ऑफ फिरवायची सवय आहे. मैदानात ती शिस्तच मानली जाते. पण चावी बंद झाल्यावर पंप मिनिट-दोन मिनिटं चालून नळीतलं डीईएफ परत टाकीत ओढतो. त्याआधीच करंट तोडला तर ते नळीत राहतं आणि रात्रीत नळी नाहीतर नोझल फुटतं. महागडा भाग, आणि लेहमध्ये लगेच मिळेलच असं नाही. प्रत्येक टिपरच्या कट-ऑफजवळ रंगाने लिहिलं: "चावी बंद, मग चहा, मग कट-ऑफ." सांगलीच्या मामांनी सुचवलेलं वाक्य आहे, त्यामुळे लक्षात राहील.

१९ नोव्हेंबर

पहाटे उणे १२. एक टिपर सोडून सगळ्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागल्या. त्या टिपरचा हीटर प्लगचा रिले गेला होता.

संध्याकाळचं काम आता अंगवळणी पडतंय. गाडी उभी करायची ती तोंड पूर्वेला करून, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन इंजिनावर पडतं. उभी करण्याआधी एक-दोनदा हळू ब्रेक दाबून ड्रम कोरडे करायचे. कॅम्परचा हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळे द्यायचे, नाहीतर सकाळी लायनर ड्रमला चिकटलेला असतो आणि चाक घासत निघतं. टिपरच्या हवेच्या टाक्यांचं पाणी संध्याकाळीच, सगळं गरम असताना सोडायचं. सकाळी तो वॉल्व्हच गोठलेला असतो आणि लाइनमधला बर्फाचा एक खडा ब्रेक अडवतो. सेपरेटरचं पाणी सोडायचं. वायपर काचेवरून उचलून ठेवायचे. बॉनेटवर रजई, त्यावर ताडपत्री, रेडिएटरपुढे पुठ्ठा. हा पुठ्ठा चढाला लागण्याआधी काढायचा. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं ड्यूटीच्या वेळात धरली आहेत, नंतरची नाहीत. दिवसभर थकलेल्या माणसाला "आता घरचं काम समजून कर" म्हटलं की ते होत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

२ डिसेंबर

टायरची हवा. दुपारी १५ अंशांत भरलेली हवा पहाटे उणे २० ला कॅम्परला ५ पौंडांनी, टिपरला जवळपास १५ पौंडांनी उतरते. पंक्चर नाही ते. हवा सकाळी गार टायरवर मोजायची, आणि मोजणारा माणूस रोज तोच.

१४ डिसेंबर

आपलं सामान घेऊन पठाणकोटहून निघालेला भाड्याचा ट्रक काल संध्याकाळी फोतू लावर बंद पडला. फोतू ला ४,१०८ मीटर, श्रीनगर-लेह रस्त्यावरची सगळ्यांत उंच खिंड. टाकी खाली मैदानातच फुल केलेली. ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला सांगितलं होतं की वरचं डिझेल कशाला घेतोस, खाली मिळतंय ते पुरेल. ड्रायव्हर विशीतला पोरगा, बरोबर क्लीनरही नाही.

आजांग-ले आणि मी कॅम्पर घेऊन गेलो. आधी पोराला गाडीत बसवून लामायुरूला आणलं, चहा-जेवण दिलं, रात्र तिथेच काढली. ट्रक कुठे जाणार नव्हता. सकाळी ऊन वर आल्यावर कामाला लागलो. फिल्टर खोलला तर आत मेणबत्ती वितळवून ओतल्यासारखं पांढरं गच्च. फिल्टर नवा टाकला. टाकीत आम्ही नेलेलं हिवाळी डिझेल जमेल तेवढं ओतलं. फिल्टरच्या घराला आणि नळ्यांना गरम पाण्यात पिळलेली गोणपाटं गुंडाळली, दर वेळी काढून पुसून कोरडं केलं, नाहीतर बाहेरून बर्फ धरतो. हातपंपाने एअर काढत राहिलो. दुपारी बाराच्या पुढे इंजिन लागलं. खालसीला पोचल्यावर टाकी उपसून हिवाळी भरलं.

पोराकडे गोठणं थांबवणाऱ्या औषधाची बाटली होती, ती त्याने रात्री टाकीत ओतली होती. त्याचा उपयोग झाला नाही, होणारही नव्हता. ते औषध मेण सुटण्याआधी टाकायचं असतं. एकदा सुटलेलं मेण ते परत विरघळवत नाही.

पुढच्या प्रत्येक भाड्याच्या गाडीच्या करारात ओळ घातली: कारगिलच्या आधी टाकी पावच्या खाली आणायची, कारगिलला हिवाळी डिझेल भरायचं, पैसे आपण देऊ.

२० डिसेंबर

टाकीखाली बोळा पेटवायचा नाही. इंजिनखाली स्टोव्ह ठेवायचा नाही. ही पद्धत इथे जुनी आहे, आणि ज्या काळात दुसरं काही हाताशी नव्हतं त्या काळातल्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. पण आताच्या गाडीखाली प्लॅस्टिकच्या नळ्या आहेत, वायरिंग आहे, सेन्सर आहेत. आज एक कॅम्पर थोडक्यात वाचला. नियम बोर्डावर लावला, आणि त्याखाली लिहिलं की गाडी सुरू झाली नाही तर ड्रायव्हरला कुणी काही बोलणार नाही. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिलं कुणी पाळत नाही.

२८ डिसेंबर

पुण्याच्या ऑफिसचा मेल आला: टिपरचं अॅव्हरेज गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापेक्षा बरंच खाली आहे, ड्रायव्हरवार तक्ता पाठवा, ठरलेल्या आकड्याखाली असेल त्यांच्या भत्त्यातून वजावट होईल.

योगायोग म्हणजे आजच एका टिपरच्या टाकीला रॉकेलचा वास आला. ड्रायव्हर आपला, साताऱ्याचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "साहेब, अॅव्हरेज गेलं की पैसे कापतात हे मागच्या साइटवर भोगलंय. म्हणून सकाळी इंजिन गरम न करताच निघायचो. मग ते लागेना. मग एकाने सांगितलं, थोडं रॉकेल टाका काका, पटकन लागतं."

त्यांचं सगळं बोलणं खरं आहे. रॉकेल मिसळलं की डिझेलचं मेण उशिरा धरतं, जुन्या गाड्यांना हे चालूनही जायचं. बीएस-६ च्या इंजिनाला ते घातक आहे. पंप आणि इंजेक्टरना वंगण डिझेलच देतं, रॉकेल ते देत नाही. शिवाय आताच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भाग एवढंच असतं, रॉकेलमध्ये त्याच्या कितीतरी पट. धुराड्यातली सगळी यंत्रणा त्याने बाद होते. टाकी उपसली, फिल्टर बदलले, काकांच्या नावावर काहीही लिहिलं नाही.

रॉकेल काकांनी ओतलं, पण ओतायला लावलं ते वजावटीच्या नियमाने. हे ऑफिसला लिहायलाच हवं.

६ जानेवारी

ऑफिसला उत्तर पाठवलं. मुद्दे इथेही उतरवतो, पुढच्या माणसाला लागतील.

किलोमीटरमागे डिझेल हा हिशेब मैदानात बरोबर आहे. इथे टिपर सकाळी गरम व्हायला, हवा भरायला, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबायला जागेवर चालतो. जागेवर तासाला दीड-दोन लिटर जातात आणि किलोमीटर शून्य. हिवाळी डिझेल हलकं असतं, लिटरमागे त्यातली शक्ती थोडी कमी. गार गिअरबॉक्स, गार डिफरन्शियल, उतरलेली हवा, साखळ्या बांधून खालच्या गिअरवर चालणं, सगळं डिझेल खातं. यातलं काहीही ड्रायव्हरच्या हातात नाही. मग वजावट कशाची करणार?

मी मागितलं ते हे: नोव्हेंबर ते मार्च हिशेब इंजिनाच्या तासांवर धरावा. चावी लावताना आणि काढताना ड्रायव्हरने तास लिहावे, डिझेल भरताना बाउझरवाल्याने आणि ड्रायव्हरने दोघांनी सही करावी. चोरी असेल तर ती यातही दिसते, उलट जास्त स्पष्ट दिसते. आणि पहाटे गाडी काढायची की नाही हे ड्रायव्हर आणि आजांग-ले ठरवतील, ऑफिस नाही.

उलट बाजूही लिहिली. रात्रभर इंजिन चालू ठेवणं आम्ही बंद केलं आहे. नुसतं जागेवर चालवून डिझेल इंजिन नीट तापत नाही, फक्त काजळी धरते. सुरू झाल्यावर ऑइलचा दाब आणि ब्रेकची हवा येईपर्यंत पाच-दहा मिनिटं, मग पहिले काही किलोमीटर हळू. तेवढं पुरतं.

१५ जानेवारी

उणे १९. रात्री केबिन तपासायला निघालो. एका टँकरच्या केबिनमध्ये दोघं काचा बंद करून, कोळशाची शेगडी पायाशी ठेवून झोपायच्या तयारीत होते. बाहेर काढलं, शेगडी विझवली. इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपणंही तसंच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, झोप लागते आणि माणूस उठत नाही. केबिनमध्ये झोपावं असं त्यांना का वाटलं हे विचारलं तर कळलं की त्यांच्या खोलीची बुखारी धूर परत फेकते. उद्या सकाळी पहिलं काम: धुराडं साफ करणं, पाइपचा जोड बदलणं. तोवर त्या दोघांची सोय माझ्या खोलीत.

२ फेब्रुवारी

बर्फापेक्षा काळा बर्फ वाईट. सावलीतल्या वळणांवर डांबरासारखाच दिसतो. आज सकाळी नव्या ड्रायव्हरांना घेऊन लिकिरच्या फाट्यापर्यंत गेलो. उतारावर एग्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच वेग कमी करणारा) लावायची सवय मोडावी लागते. कोरड्या घाटात तो जीव वाचवतो, बर्फावर मागची चाकं एकदम धरतो आणि गाडी आडवी करतो. वर असतानाच खालचा गिअर टाकायचा आणि पाय हलका ठेवायचा. साखळ्या ओढणाऱ्या चाकांना, आणि कोरडा रस्ता लागला की थांबून काढायच्या. तीनदा काढ-घाल करावी लागली तरी करायची.

काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडकते. खरवडणी दिली आहे.

२५ फेब्रुवारी

ऑफिसने तासांचा हिशेब मान्य केला, या हंगामासाठी आणि मागच्या तारखेने. डिसेंबरची वजावट परत मिळेल. काकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण आज टिपरची तासांची वही त्यांनी स्वतः आखून आणली. रकाने आमच्यापेक्षा नीट आहेत: "गरम करण्याचे तास" वेगळे, "चालण्याचे" वेगळे. तोच नमुना सगळ्या गाड्यांना लावला.

१२ मार्च

दुपारी वितळतं, रात्री गोठतं. हा काळ गाडीखालच्या भागाला सगळ्यांत वाईट. चिखल ब्रेकच्या दांड्यांवर थापला जातो आणि रात्री दगड होतो. रोज दुपारी धुऊन ग्रीस.

हिवाळ्याचे डिझेल फिल्टर आणि एअर ड्रायरचे कार्ट्रिज सगळ्या टिपरचे बदलायला घेतले. निळ्या पट्ट्याच्या ड्रमांत उरलेलं डिझेल जनरेटरला लावलं, पुढच्या हिवाळ्यासाठी साठवायचं नाही. पुढच्या सप्टेंबरच्या मागणीत एक रिफ्रॅक्टोमीटर जास्त, हीटर प्लगचे रिले आणि डीईएफची दोन नोझलं धरली. आजांग-लेंच्या हाताखाली साताऱ्याचे काका आणि सांगलीचे मामा, अशी संध्याकाळच्या तपासणीची माणसं पुढच्या हंगामासाठी नक्की केली आणि तिघांचा तपासणी भत्ता ऑफिसकडे मंजुरीला पाठवला.